प्लॅस्टिकच्या पिशवीतली पाणघोडी

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी दर मंगळवारी नेपरव्हिलहून शिकागोची गाडी पकडतो, एका म्युझियममध्ये जातो आणि तिथल्या इजिप्तच्या दालनात लोकांना भुतंखेतं दाखवतो. पगार नाही. गळ्यात पट्टा, पट्ट्याला बिल्ला आणि कॅफेत कॉफीवर थोडी सवलत. आयुष्यभर पुलांची गणितं केलेल्या माणसाला हा उद्योग शोभत नाही, असं बायकोचं मत आहे. पुलाखाली काय राहतं हे कोणीतरी पाहायला हवंच ना, असं माझं.

भुतंखेतं हा शब्द तसा बरोबर नाही. इजिप्तच्या लोकांकडे बडे देव होते आणि त्या देवांच्या हाताखाली एक मोठी फौज होती. पाताळातल्या प्रत्येक दाराशी सुऱ्या घेऊन बसलेले द्वारपाल, ज्यांचं नाव ठाऊक असेल तरच पुढे जाता येई. रोगाची साथ घेऊन फिरणारे दूत. बाळ जन्मलं की त्याचं नशीब सांगायला येणाऱ्या सात हाथोर देवी. आणि बाळंतिणीची राखण करणारी तावरेत: पाणघोडीचं पोट, सिंहाचे पंजे, पाठीला मगर. यांतलं कोणीच धड चांगलं नाही आणि धड वाईटही नाही. पाणघोडी नदीत होडी उलथवते, माणसं मारते. म्हणूनच तिला दाराशी उभं करायचं, म्हणजे बाकीचे तिला बघून पळतील. मी नोकरीत होतो तेव्हा काही मॅनेजर याच तत्त्वावर नेमलेले असत.

दालनाच्या अगदी शेवटी, काचेखाली, बोटभर रुंदीची एक पपायरसची पट्टी आहे. कोण्या बाळासाठी देवाकडून लिहून घेतलेलं ते हमीपत्र. अशी पट्टी गुंडाळून छोट्या नळीत घालत आणि बाळाच्या गळ्यात बांधत. देव त्यात एकेक गोष्ट कबूल करतो: मी हिला तापापासून सांभाळीन, सापापासून, विंचवापासून, कोसळणाऱ्या भिंतीपासून, विहिरीतल्या आणि कालव्यातल्या भुतांपासून, वाईट स्वप्नापासून. यादी संपत नाही. वकिलाने लिहिल्यासारखी आहे. एकही पळवाट सुटलेली नाही. ही पट्टी दाखवली की कोणीतरी हमखास विचारतं, "मग उपयोग झाला का?" मी म्हणायचो, "कागद तरी टिकला." चार वर्षं हा विनोद दर मंगळवारी चालला. लोक हसायचे आणि मी त्यांना ममीकडे न्यायचो.

मागच्या हिवाळ्यात आमची मुलगी रेडमंडहून डोहाळजेवणासाठी आमच्याकडे आली. मी म्युझियमच्या दुकानातून तिच्यासाठी एक निळी पाणघोडी आणली होती, मुठीत मावेल एवढी, अंगावर कमळं काढलेली. मूळच्या पाणघोड्या थडग्यात सापडतात, आणि पुष्कळदा त्यांचे पाय मुद्दाम मोडलेले असतात, म्हणजे परलोकात त्या मेलेल्या माणसाच्या अंगावर धावून जाऊ नयेत. हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. मुलगी म्हणाली, "सो क्यूट, बाबा." बायको म्हणाली, "ओटभरणाच्या आधी थडग्यांच्या गोष्टी सांगायच्या असतात का हो?"

ओटभरण झालंच नाही. एकोणतिसाव्या आठवड्यात, शुक्रवारी पहाटे सव्वाचारला, मुलीचं सिझेरियन झालं. मुलगी. वजन एक किलो शंभर ग्रॅम. आमच्या घरात दाण्याच्या कुटाची पिशवी याहून जड असते.

पहिले चार दिवस बरे गेले. जावई शनिवारीच रेडमंडहून आला होता. बाळ चांगलं आहे, घरी यायला दोन महिने तरी लागतील, रजा तेव्हासाठी ठेव, असं नर्सनीच त्याला सुचवलं. तिथे सगळे आईबाप असंच करतात. तो सोमवारी परत गेला.

त्याच सुमारास आमच्याकडे सटवाईचा प्रश्न उभा राहिला. सहाव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, ही पद्धत माझ्या बायकोने मुलीच्या वेळीही पाळली होती. पण सहावा दिवस कुठला? हॉस्पिटलच्या हिशेबाने जन्म शुक्रवारचा. बायकोच्या हिशेबाने सूर्य उगवला नव्हता, म्हणजे वार गुरुवारच. तिने पुण्याला माझ्या ताईला फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"वन्सं, गुरुवार धरायचा ना?"

"अगं, तिकडे पहाट होती तेव्हा इथे शुक्रवारची दुपार होती. मी उपासाची खिचडी खात होते. शुक्रवारच."

"पण बाळ इथे झालंय ना."

"पंचांग इथलं आहे ना पण."

"सटवाई कुठल्या टाइम झोनमध्ये चालते, ते आधी ठरवा," मी म्हणालो. शेवटी मंगळवार आणि बुधवार, दोन्ही दिवस कागद ठेवायचा असं ठरलं. जगातले बरेच तह असेच होतात.

मंगळवारी सकाळी बायकोने पर्समधून कोरा कागद आणि पेन्सिल काढली. बाळाची नर्स उंच होती, केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं, आणि आवाज कायम बेताचा. तिने कागद पाहिला, मुलीने दोन वाक्यांत समजावलं तेही ऐकून घेतलं, आणि म्हणाली, ठेवा की, पण इथे येणारी प्रत्येक वस्तू पुसायची नाहीतर पिशवीत बंद करायची. तिने झिपची पारदर्शक पिशवी दिली. कागद आणि पेन्सिल आत गेली, झिप बंद झाली, पिशवी इन्क्युबेटरखालच्या फळीवर. मुलीने निळी पाणघोडीही आणवली होती. तिला दुसरी पिशवी.

"इजिप्तवाले पाय मोडायचे," मी म्हणालो. "हे लोक हवा बंद करतात."

मुलगी हसली. ती हसलेली मी त्या आठवड्यात शेवटची पाहिली.

त्याच दुपारी बाळाचं पोट फुगलं. नळीतून दिलेलं दूध मागे यायला लागलं, हिरवट. दूध बंद केलं, औषधं सुरू झाली, दर सहा तासांनी एक्स-रे. आतड्याला सूज आहे, एवढं आम्हाला कळलं. बाकीचं मी वाचून काढलं आणि कोणाला सांगितलं नाही. आतडं फाटलं तर त्यातली हवा पोटात पसरते, एक्स-रेमध्ये काळी दिसते, आणि मग लगेच ऑपरेशन करावं लागतं. बाराशे ग्रॅमसुद्धा नसलेल्या बाळाच्या पोटाचं ऑपरेशन. जावयाला बुधवारचं सकाळचं विमान मिळालं.

बातमी पसरली. आमच्या इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त डॉक्टर, यांचा फोन आला. त्यांनी मला आतड्याबद्दल काहीच सांगितलं नाही. त्या सायंकाळी त्यांनी बाळासाठी ऑनलाइन सामूहिक जप ठेवला असल्याचं सांगितलं. पाठोपाठ पोस्टर आलं. त्यात अध्यक्षांचा फोटो होता, प्रमुख पाहुण्यांचा फोटो होता, प्रायोजकाचं चिन्ह होतं. बाळाचं नाव नव्हतं, पण त्याला इलाज नव्हता, बाळाला नाव ठेवलंच नव्हतं. बायकोने पोस्टर पाहिलं आणि फोन उलटा ठेवला. "चांगली माणसं आहेत," ती म्हणाली. ती हे कधी म्हणते ते मला माहीत आहे.

बुधवारी दुपारी दोन वाजता सर्जन आली. वयाने आमच्या मुलीएवढी, बोलायला नीट, डोळ्यांत डोळे घालून बोलणारी. अकराच्या एक्स-रेत हवा दिसत नाही, पण आतडं जास्त फुगलंय. पाचला पुन्हा काढू. त्यात हवा दिसली तर वाट बघायला वेळ नसेल, म्हणून संमतीपत्रावर सही आताच हवी. तिने फॉर्म मुलीच्या हातात दिला आणि, प्रश्न असतील तर बोलवा, मी बाहेर आहे, असं सांगून ती बाहेर गेली.

जावई तेव्हा हवेत होता. फोन बंद. मुलगी व्हीलचेअरमध्ये, पोटाला टाके, मांडीवर फॉर्म. एका हाताचं बोट तिने इन्क्युबेटरच्या गोल खिडकीतून आत घातलं होतं आणि बाळाने ते धरलं होतं. तिने फॉर्मकडे पाहिलं आणि तो माझ्याकडे सरकवला.

"बाबा, तू वाच. मला नाही जमत. पण सगळं वाच, डोन्ट स्किप."

मी वाचायला लागलो. जन्मभर टेंडरं वाचली आहेत, मला असले कागद वाचायची सवय आहे. इंग्रजी वाक्य वाचायचं आणि तिच्या आईला कळावं म्हणून मराठीत सांगायचं. भूल देताना श्वास बंद पडू शकतो. रक्तस्राव होऊ शकतो. जंतुसंसर्ग होऊ शकतो. आतड्याचा भाग काढावा लागू शकतो. पोटाला बाहेरून पिशवी लावावी लागू शकते. पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला मला त्या काचेखालच्या पट्टीची आठवण झाली. यादी तशीच होती. तीच चिकाटी, तीच काही सुटू नये म्हणून घेतलेली काळजी. फक्त तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी कोणीतरी सांभाळायचं कबूल करत होतं आणि इथे कोणी काही कबूल करत नव्हतं. शेवटच्या ओळीत एकच शब्द होता. मी तोही वाचला, आणि सवयीने मराठीतही सांगितला. मृत्यू.

"अहो!"

बायको उभी होती.

"आज सहावा आहे. कागद खाली ठेवलाय. ती लिहायला बसलीय, आणि तुम्ही तिला डिक्टेशन देताय?"

मी फॉर्म खाली केला. एरवी मी काहीतरी बोललो असतो. टाइम झोनबद्दल बोललो असतो. पण त्या क्षणी माझी नजर फळीकडे गेली, आणि तिथे कागदाची पिशवी नव्हती. ती बायकोच्या मुठीत होती, पदराआड धरलेली. बहुधा तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच तिने ती उचलली असावी.

"आई, प्लीज," मुलगी म्हणाली. "इट्स जस्ट अ फॉर्म."

"फॉर्मच आहे. मग मनात वाचता आला नसता?"

"मीच सांगितलं ना त्याला."

नर्सने अंबाड्यातलं पेन काढून दिलं. मुलीने बाळाच्या मुठीतलं बोट काढून घेतलं, सही केली आणि बोट परत आत घातलं. सही नेहमीच्या सहीसारखी नव्हती. सर्जन फॉर्म घेऊन गेली. मग बायको मुलीला घेऊन दूध काढायच्या खोलीत गेली. दूध बंद असलं तरी दर तीन तासांनी ते काढायचं असतं, साठवायचं असतं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवी तिच्याबरोबरच गेली.

पाचला दीड तास होता. मी एकटा राहिलो.

मी अंधश्रद्ध नाही. हे वाक्य मी तेव्हा मनात इतक्या वेळा म्हटलं, की तोच एक मंत्र झाला. नशीब कोणी लिहीत नाही. एका खोलीत एक शब्द मोठ्याने वाचला म्हणून एका आतड्याला भोक पडत नाही. हे सगळं मला ठाऊक आहे, मी ते लोकांना चार वर्षं हसत हसत सांगत आलो आहे. तरीही बाळाच्या छातीखालची ती कातडी श्वासागणिक आत ओढली जाताना मी पाहत होतो आणि एवढंच वाटत होतं, की शेवटची ओळ मी वाचायला नको होती. निदान मराठीत नको होती. इंग्रजीत तो शब्द हॉस्पिटलचा होता. मराठीत तो आमच्या घरचा झाला.

मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली गेला, वाजला, परत वर आला. मग पुन्हा गेला.

मी खुर्ची जवळ ओढली, गोल खिडकीशी तोंड नेलं आणि बोलायला लागलो. काय बोललो ते सांगायला आजही थोडी लाज वाटते. मी ती पट्टी म्हटली. ती मला पाठ होती, आणि जिथे पाठ नव्हती तिथे मी भर घातली. मी हिला तापापासून सांभाळीन. सापापासून, विंचवापासून. कोसळणाऱ्या भिंतीपासून, आणि पुलापासूनही, कारण भिंतीपेक्षा पूल मला जास्त माहीत आहेत. भूल देताना बंद पडणाऱ्या श्वासापासून. रक्तस्रावापासून. पोटाला लावायच्या पिशवीपासून. फॉर्ममधली एकेक ओळ घेत गेलो आणि तिच्यापुढे कबुली जोडत गेलो. बर्फावर घसरणाऱ्या गाडीपासून. शाळेत नावाची चेष्टा करणाऱ्या पोरांपासून. मंडळाच्या सत्कारांपासून. कोणाच्या वतीने कबूल करतोय, हे मी ठरवलं नव्हतं. अधिकार तर कसलाच नव्हता.

खांद्यावर हात पडला. नर्स होती.

"सर, ती दमलीय. आवाज म्हणजे तिला काम असतं. नुसता हात ठेवा, हलवू नका."

मी गप्प झालो. हात आत घातला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. डोकं मोसंबीएवढं. आकडा नव्वदच्या वर गेला आणि तिथेच राहिला. याचा अर्थ मी बोलायचा थांबलो म्हणून तिला बरं वाटलं, एवढाच. माझ्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा घडत होतं. पहिल्यांदा लग्नाच्या सुमारास, बायकोच्या बाबतीत.

पाचला एक्स-रेचं यंत्र चाकांवरून आलं. आम्हाला बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये तिघं उभे होतो. मुलगी खुर्चीतून उठून भिंतीला टेकली होती, बस म्हटलं तरी बसेना. बायको खिडकीशी. बाहेर पार्किंगमध्ये बर्फ साचला होता आणि एक माणूस क्रेडिट कार्डाने काच खरवडत होता. त्याचं खरवडून होईपर्यंत बातमी येईल, असं मी मनाशी धरलं. त्याचं झालं, तो गेला, दुसरा आला.

सहाला वीस मिनिटं कमी असताना सर्जन आली. ती चालत येत होती, धावत नव्हती. मी आधी तेच पाहिलं.

"हवा नाही," ती म्हणाली. "सूज तेवढीच आहे, वाढली नाही. आज ऑपरेशन नाही."

"आज?" मुलीने विचारलं.

"आज."

मुलगी तिथेच खाली बसली, जमिनीवर, टाके असताना. बायकोने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "मी आलेच." आणि बाथरूमच्या दिशेने गेली. बराच वेळ आली नाही. साडेसातला जावई आला, खांद्यावर लॅपटॉपची बॅग तशीच.

पुढचे दोन दिवस दर सहा तासांनी तेच. हवा नाही. हवा नाही. शनिवारी सूज उतरली. तो फॉर्म सहीसकट कुठल्या तरी फायलीत असेल.

मधल्या एका मंगळवारी मी म्युझियमला जाऊन आलो. शेवटच्या काचेपाशी एका बाईंनी विचारलं, उपयोग झाला का? मी म्हणालो, माहीत नाही. मग आम्ही ममीकडे गेलो.

मार्चमध्ये बाळाला घरी सोडलं, अडीच किलोचं. नर्सने फळीवरच्या वस्तू गोळा करून माझ्या हातात दिल्या. टोपी, झबलं, पाणघोडीची पिशवी आणि कागदाची पिशवी. गाडीपाशी उभं राहून मी कागदाची पिशवी उजेडात धरली. कागद कोरा. पण तळाला शिसाचा एक तुटका तुकडा होता, आणि त्याच्याजवळ पेन्सिल तासल्यावर निघतो तसा लाकडाचा एक पापुद्रा. पेन्सिलीला टोक मात्र नवीन, अणकुचीदार.

"हे काय?" मी बायकोला विचारलं.

ती बाळाच्या कारसीटचा पट्टा पुन्हा पुन्हा ओढून पाहत होती. "तुम्ही वाचायला लागलात ना, तेव्हा मी टोक मोडलं. पिशवीवरूनच, अंगठ्याने. तुम्हीच नाही का सांगत, पाय मोडून ठेवायचे म्हणून."

"आणि हे टोक?"

"पाचचा एक्स-रे चांगला आला, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन करून दिलं. पर्समध्ये शार्पनर होता. पिशवी परत फळीवर ठेवली आणि म्हटलं, आता लिही."

जावयाने गाडी सुरू केली. मी कागद पुन्हा उजेडात धरला, जरा तिरका करून.

"काय लिहिलं असेल?"

"आपल्याला दिसत नसतं ते." तिने हात पुढे करून माझ्याकडून पिशवी घेतली आणि पर्समध्ये टाकली. "आणि तुम्ही तर बघूच नका. तुम्हाला मोठ्याने वाचायची सवय आहे."